पायथन २ चा सपोर्ट काढतोय : कोडीवरचं कॅसेट-संग्रहाचं ॲड-ऑन

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथल्या बऱ्याच जणांनी कोडीसाठीचं (टीव्हीवर गाणी-व्हिडिओ लावायचा मोफत प्रोग्रॅम) माझं कॅसेट-संग्रहाचं ॲड-ऑन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घेतलंय. घरातल्या भजनाच्या, कीर्तनाच्या, लग्नकार्याच्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या की त्यांची यादी टीव्हीवर दाखवायची आणि बाजू ‘अ’, बाजू ‘ब’ वेगळी लावायची, एवढंच त्याचं काम. पुढच्या आवृत्तीपासून त्यातला पायथन २ चा (ज्या संगणकभाषेत ते लिहिलंय तिची जुनी पिढी) सपोर्ट मी काढतोय. म्हणजे ज्यांच्याकडे कोडी १८ (लेया) किंवा त्याआधीचं आहे, त्यांना नवीन आवृत्ती चालणार नाही. काढायच्या आधी इथे सांगतोय, कारण संध्याकाळी टीव्ही लावावा आणि यादीच कोरी दिसावी, हा अनुभव मी घेतलाय आणि तो कुणाला द्यायची माझी इच्छा नाही.

थोडं मागचं सांगतो. मी हे लिहायला घेतलं तेव्हा कोडीचं नाव एक्सबीएमसी होतं. ते बदललं २०१४ मध्ये. ॲड-ऑन चालवायला पायथनचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा भाग) कोडीच्या पोटातच बसवलेला असतो आणि तेव्हा तो पायथन २ होता. पायथन ३ तर डिसेंबर २००८ लाच आलं होतं. २ बंद करायची मुदत आधी २०१५ होती. लोकांचं आवरेना म्हणून २०१४ मध्ये ती २०२० वर नेली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि विषय संपला. कोडीने लेयाच्या काळातच ॲड-ऑन लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि १९ फेब्रुवारी २०२१ ला कोडी १९, म्हणजे मॅट्रिक्स, फक्त पायथन ३ घेऊन आलं. एका कोडीत इंटरप्रिटर एकच बसतो, त्यामुळे ‘दोन्ही राहू द्या’ म्हणायला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा आहे. ‘सिक्स’ नावाची लहानशी लायब्ररी मध्ये घालून एकच कोड २ वर आणि ३ वर चालवायचा. एक ओळ बदलली तरी दोन पॅकेजं काढायची, दोन्हीकडे तपासायचं.

पण मुख्य कारण वेगळं आहे आणि ते आपल्या लिपीचं आहे.

पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की उत्तर यायचं १५. कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-वेलांटी धरून ‘मराठी’त पाच चिन्हं आहेत. त्या तिनांतला पहिला बाइट कायम ई०, म्हणजे दशमानात २२४. ॲस्की (इंग्रजी अक्षरांचा जुना संकेत) संपतं १२७ ला. त्यामुळे फाइलचं नाव ‘भूपाळी’ असो की ‘हरिपाठ’, एका बाजूला बाइट आणि दुसऱ्या बाजूला युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणारा संकेत) असं कुठेही जोडायला गेलं की पहिल्याच अक्षराला सगळं कोसळायचं. लॉग उघडला की ओळ ठरलेली : ॲस्की कोडेकला शून्याव्या जागचा ई० बाइट उलगडता येत नाही, आकडा १२८ च्या आतला नाही. ही ओळ मी इतक्या वेळा वाचलीय की डोळे मिटून लिहून दाखवीन.

इंग्रजी नावांच्या फायली ठेवणाऱ्याला यातलं काही दिसायचंच नाही. ॲड-ऑन तिकडे बिनतक्रार चालायचं. आपल्याकडे मात्र लोक कंटाळून ‘भूपाळी’चं रोमन लिपीत ‘भुपाली १’ करून ठेवायचे. माझ्या आईने वहीत सुंदर अक्षरात लिहिलेली कॅसेटींची नावं मी अशीच रोमनमध्ये उतरवली होती, आणि तिने टीव्हीवर ती वाचायचा प्रयत्न केला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पायथन ३ मध्ये स्ट्रिंग म्हणजे मजकूर, बाइट म्हणजे बाइट. ‘मराठी’ची लांबी ५. माझ्या एका फायलीत एन्कोड-डीकोडची ठिगळं ३७ ठिकाणी होती. काल ती सगळी उसवली आणि ॲड-ऑन पहिल्या झटक्यात चाललं.

कुणाची अडचण होणार असेल तर मोकळेपणाने लिहा. घाई नाही.

रात्रपाळी

+१. काढाच.

डेबियन १२ या लिनक्समधून (जून २०२३) पायथन २.७ पूर्ण गेलंय. मॅकओएस १२.३ मधून मार्च २०२२ मध्येच गेलं. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने जानेवारी २०२१ च्या २१.० मध्ये २ सोडलं. आज नवीन मशीनवर पायथन २ बसवायचं म्हणजे स्वतः बांधून घ्यायचं, आणि बांधलं तरी २०२० नंतर सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवायला कुणी बसलेलं नाही. कोडी तर नेटवरून काय काय आणून उघडतं.

ज्यांचं स्वतःचं जुनं ॲड-ऑन अजून बदलायचं राहिलंय त्यांच्यासाठी : ‘२टू३’ हे हत्यार बरंच काम करतं. प्रिंट, आयटरआयटम्स, एक्सरेंज, अर्ललिब२, स्वल्पविराम टाकून लिहिलेलं जुनं एक्सेप्ट, हे सगळं ते आपोआप बदलतं. पण पायथन ३.१३ मध्ये (ऑक्टोबर २०२४) ते हत्यारच काढून टाकलंय. ३.१२ किंवा त्याआधीचं पायथन बाजूला ठेवा आणि त्यावर चालवून घ्या.

दोन गोष्टी मात्र ते पकडत नाही. एक बाइट-युनिकोडची, जी वर आलीच. दुसरी भागाकाराची. २ मध्ये पाच भागिले दोन म्हणजे २, ३ मध्ये २.५. चूक लगेच दिसत नाही, वापरताना दिसते.

कृष्णाकाठ

भागाकाराचं अगदी खरं. मी त्यातच अडकलो होतो. कॅसेटवर १३ पदं असली की पहिली ६ बाजू ‘अ’, उरलेली ‘ब’ असं मी भागाकाराने करत होतो. मॅट्रिक्सवर तेच ६.५ झालं आणि यादीने सांगितलं की क्रमांक पूर्णांकच हवा. सम संख्या असलेली कॅसेटही चालेना, कारण १२ भागिले २ सुद्धा आता ६.० येतं. दोन तिरप्या रेघा दिल्या की जुना पूर्णांकी भागाकार परत मिळतो. पण खरं तर अर्धं करणंच चुकीचं होतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. कीर्तनाचा पूर्वरंग एका बाजूला मावत नाही आणि पदं काही समसमान वाटलेली नसतात. आता बाजू कुठे संपते ते प्रत्येक कॅसेटच्या नोंदीत लिहायला लावलंय.

आणखी एक. वर्षाप्रमाणे क्रम लावताना ज्या कॅसेटवर वर्ष नाही, तिथे मी ‘नन’ (पायथनमधलं ‘काहीच नाही’) ठेवलं होतं. पायथन २ ‘नन’ आणि १९८४ यांची बिनदिक्कत तुलना करायचं आणि नन पहिला लावायचं. ३ म्हणतं, या दोघांची तुलना होत नाही. आधी त्रास वाटला. मग यादी बघितली तर आमच्याकडे वर्ष नसलेल्या कॅसेटी चाळीसच्या वर निघाल्या, आणि त्या इतकी वर्षं सगळ्यांत जुन्या म्हणून वर बसल्या होत्या. आता त्यांचा ‘वर्ष माहीत नाही’ असा वेगळा गठ्ठा केलाय. मामाला फोन लावून त्यातल्या नऊ कॅसेटींची वर्षं मिळाली.

ओसरीवरून

मी तुमचं ॲड-ऑन गेली सात वर्षं वापरतो. माझं वय ७१. टीव्हीला जोडलेला डबा २०१३ सालचा, पुतण्याने बसवून दिलेला, त्यात कोडी १८. त्यात माझ्या मंडळींच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, तीन कॅसेटी. मंडळी २०१५ ला गेल्या.

तुमचं देवनागरीचं म्हणणं मला समजलं आणि पटलंही. पण माझ्याकडे नावं रोमनमध्ये आहेत आणि चालतात. चालतंय ते मोडायचं कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. नवीन डबा घेणं पैशाच्या दृष्टीने जड नाही. पण रिमोटची बटणं, यादीचा क्रम, कुठे खाली जायचं नि कुठे उजवीकडे, हे सगळं मला हाताने पाठ आहे. डोळ्यांना आता कमी दिसतं. बदल झाला की मला पुन्हा कुणावर तरी अवलंबून राहावं लागतं. हे तुम्हा तरुण मंडळींच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं. राग नाही.

कृष्णाकाठ

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी नेमकं सांगतो : तुमच्या डब्यावर काहीही बदलणार नाही.

प्रत्येक ॲड-ऑनच्या माहितीच्या फायलीत ‘मला पायथनचा अमुक संच लागतो’ अशी एक ओळ असते. लेयाच्या बाजूने तो आकडा २.२६.० आहे, मॅट्रिक्सपासून ३.०.०. माझ्या नव्या आवृत्तीत ३.०.० लिहिलेलं असेल. तुमचं कोडी ती ओळ वाचेल, आपल्याकडे ते नाही हे त्याला कळेल आणि ते नवीन आवृत्ती घेणारच नाही. आहे ती तशीच राहील. जुन्या आवृत्तीची शेवटची झिप मी वेगळ्या नावाने कायम ठेवतोय, पायथन २ ची शेवटची म्हणून. तिच्यात नवीन काही येणार नाही, पण ती कुठे जाणारही नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. २०१३ चा डबा म्हणजे त्यातलं कार्ड किंवा डिस्क तेवढीच जुनी. त्या तीन कॅसेटींच्या फायली आणखी कुठे आहेत का? मूळ कॅसेटी आहेत का? नसतील तर ॲड-ऑन, कोडी, पायथन सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या फायलींच्या दोन प्रती करून घ्या. एक पेन ड्राइव्हवर, एक पुतण्याकडे. याला ॲड-ऑन लागत नाही, नुसती कॉपी.

निळी_शाई

वाचनखूण साठवली. काकांचा प्रतिसाद वाचून थांबले थोडी.

माझी अडचण सांगते. आमच्या वाचनालयाने जुन्या व्याख्यानांच्या टेपा उतरवल्या. फायलींच्या नावात गावाचं नाव आहे, ‘कऱ्हाड’. शोधात ‘कऱ्हाड’ टाकलं की अकरा टेपांपैकी चारच येतात. डोळ्यांनी बघितलं तर सगळीकडे नाव अगदी सारखं दिसतं. पायथन ३ ने हे सुटेल का?

रात्रपाळी

निळी_शाई, यातलं अर्धं सुटेल.

‘ऱ्ह’ मधला तो अर्धा र, पापणीसारखा दिसणारा, तीन तऱ्हांनी साठवला जातो. एक : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१) आणि हलंत. दोन : साधा ‘र’, खाली नुक्ता (टिंब), मग हलंत. तीन : साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला शून्य-रुंदीचा जॉइनर म्हणतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. संगणकाला तीन वेगळे शब्द.

टेपा उतरवताना कुणाकडे मॅक होता का? मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नावं सुटी करून ठेवायची. म्हणजे तुम्ही पहिल्या तऱ्हेने टाइप केलं तरी डिस्कवर दुसरी तऱ्हा जायची. तीच फाइल विंडोजवर किंवा लिनक्सवर नेली की शोध चुकतो.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायची पद्धत) एक होतात, पायथनमध्ये ते तयार मिळतं. पायथन २ मध्येही होतं, पण तिथे आधी ते नाव बाइट आहे की युनिकोड याचीच खात्री नसायची. तिसरी तऱ्हा नॉर्मलायझेशनला दिसत नाही, ती आपण हाताने बदलायची : र, हलंत, जॉइनर हे तीन ओळीने दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत. शोधायच्या शब्दालाही तोच नियम लावायचा, हे विसरू नका.

निळी_शाई

मॅक होता! एका विद्यार्थ्याचा. सात टेपा त्याच्यावरच उतरवल्या होत्या. आता हिशेब लागला. खूप आभार.

डार्करूम

कोडी वापरत नाही, पण दुखणं तेच. आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो एका पानावर आठ लावायची स्क्रिप्ट मी गिंप (फोटो सुधारायचा मोफत प्रोग्रॅम) २.१० साठी पायथनमध्ये लिहिली होती. आमच्याकडे उबुंटू २०.०४ घातलं तेव्हा गिंपचं पायथन पॅकेजच त्यात नव्हतं, कारण ते पायथन २ वर होतं. गिंप स्वतः अजून जीटीके (खिडक्या-बटणं काढून देणारी लायब्ररी) २ वर अडकलेलं. मधली जवळजवळ पाच वर्षं दुकानातलं एक मशीन जुन्या उबुंटूवर तसंच ठेवलं, नेट काढून.

१६ मार्च २०२५ ला गिंप ३.० आलं, जीटीके ३ आणि पायथन ३ वर. (जीटीके हे गिंपसाठीच जन्माला आलं, नावातला जी गिंपचाच. तरी त्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर यायला गिंपला चौदा वर्षं लागली. जीटीके ३ निघालं २०११ ला. इतक्या कमी माणसांनी इतकं मोठं घर एका पायावरून दुसऱ्या पायावर नेलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.)

माझी स्क्रिप्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती, पुन्हा लिहिली. जुन्या ‘गिंपफू’ या पायथन मॉड्यूलचं रजिस्टर वगैरे सगळं गेलं. ज्यांना प्लग-इन यादीत दिसत नाही त्यांनी आधी हे बघा : ३.० मध्ये प्रत्येक प्लग-इनला स्वतःचा फोल्डर लागतो आणि फोल्डरचं नाव फाइलच्या नावासारखंच हवं. लिनक्सवर फाइलला चालवायची परवानगीही द्यायला हवी. मी दीड दिवस यात घालवला.

मांडवीतीर

डार्करूम, धन्यवाद, फोल्डरची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

पणजीहून लिहितोय. बाबांनी रेकॉर्ड केलेल्या नाट्यगीतांच्या मैफली उतरवतोय. बाजू पूर्ण वाजवून एक लांब वेव्ह फाइल करायची, मग शांतता सापडेल तिथे तुकडे करायचे. त्यासाठी पायथनसोबत येणारं ‘ऑडिओऑप’ हे मॉड्यूल वापरत होतो. तुकड्यातुकड्याने आवाजाची पातळी काढायची, अमुकच्या खाली दोन सेकंद राहिली की कापायचं. पायथन ३.१३ वर गेलो आणि ऑडिओऑपच नाही. म्हणजे ३ वर आलो म्हणून सुटलो असंही नाही.

रात्रपाळी

नाहीच. ३.१२ मध्ये ‘इम्प’ आणि ‘डिस्टयूटिल्स’ गेले, ३.१३ मध्ये ऑडिओऑप, एआयएफसी, एसएनडीएचडीआर अशी जुनी आवाजाची मॉड्यूल्स. ‘वेव्ह’ मात्र आहे. ऑडिओऑपची जपून ठेवलेली वेगळी प्रत पायपीआयवर (पायथन पॅकेजांचं कोठार) मिळते, ‘ऑडिओऑप-एलटीएस’ नावाने. पण तुमच्या कामाला मी एफएफएमपेगचा (आवाज-व्हिडिओवर काम करणारं मोफत हत्यार) ‘सायलेन्सडिटेक्ट’ फिल्टर सुचवीन. पातळी डेसिबलमध्ये आणि किमान वेळ सेकंदात द्यायचा, तो शांतता कुठे सुरू झाली, कुठे संपली ते लिहून देतो.

अवांतर : एफएफएमपेगवाल्यांनीही असंच एक हत्यार काढून टाकलं होतं, नेटवरून आवाज-व्हिडिओ प्रक्षेपित करायचं ‘एफएफसर्व्हर’. लायब्ररीच्या आतल्या खासगी भागांवर ते टेकलेलं होतं, त्यामुळे लायब्ररी साफ करता येईना. जुलै २०१६ मध्ये काढतोय म्हणून जाहीर केलं, प्रत्यक्ष गेलं एप्रिल २०१८ च्या ४.० मध्ये. आधी सांगणं आणि मग वेळ देणं, हे मला त्यात आवडलं होतं.

मांडवीतीर

चाललं! पण कॅसेटची सरसर शांततेतही असते. उणे ५० डेसिबलला एकही जागा सापडेना, उणे ३५ ला नीट तुटलं. तंबोरा सुरू असलेल्या जागा मात्र कधीच शांत होत नाहीत, त्या कानाने कापतोय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचलं. आता ठरलेलं लिहितो.

नवीन आवृत्ती या महिनाअखेर, फक्त पायथन ३, कोडी १९ आणि पुढे. ‘कऱ्हाड’ची दुरुस्ती त्यात घालतोय, रात्रपाळी यांनी सांगितली तशी, नावालाही आणि शोधालाही.

लेयावरून वर जाणाऱ्यांनी आधी ‘यूजरडेटा’ फोल्डर कॉपी करून ठेवा. कोडी संगीताच्या यादीची जुनी फाइल पुसत नाही, शेजारी नवीन करतं : लेयाची ‘मायम्युझिक७२’, मॅट्रिक्सची ‘मायम्युझिक८२’. त्यामुळे परत फिरावंसं वाटलं तर जुनी यादी जागेवर असते.

एक काम राहिलंय. क्रम अजून युनिकोडच्या आकड्यांनी लागतो, आणि तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. म्हणून ‘काळूबाईची आरती’ ही ‘कावड’च्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. हे मला नीट करायचंय, पण या आवृत्तीत जमणार नाही.

ओसरीवरून

पुतण्या रविवारी आला होता. फायलींच्या दोन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर, एक त्याच्या संगणकावर. मूळ कॅसेटीही माळ्यावर सापडल्या, तिसरीची फीत मात्र चिकटली आहे.

कॉपी करताना त्याने नावं देवनागरीत केली त्याच्याकडच्या प्रतीत. ‘ओव्या, कॅसेट पहिली, बाजू अ’. त्याच्या लॅपटॉपवर नवीन कोडी आहे, त्यावर लावून दाखवली. अक्षर मोठं करून दिलं, मला चष्म्याशिवाय वाचता आलं. डबा मी सध्या तसाच ठेवतो आहे. दिवाळीला तो पुन्हा येईल तेव्हा बघू म्हणालोय.

चिकटलेली फीत सोडवायची कशी, हे कुणाला माहीत असेल तर सांगावे.